मामांचं ‘काऊन’

इंग्लंडात कारखाने आधी का आले, या प्रश्नाचं उत्तर माझ्या थोरल्या मामांना देऊन सुखरूप सुटलेला माणूस मी पाहिलेला नाही. मामा सौंदडजवळच्या एका राइस मिलमध्ये मिस्त्री आहेत. शिक्षण आठवी. आमच्याकडे ‘का’ला ‘काऊन’ म्हणतात आणि मामा तो शब्द पान्यासारखा वापरतात. समोरचा बोल्ट हलेपर्यंत सोडत नाहीत. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर एका शिक्षकांनी सांगितलं, तिकडे कोळसा होता. “काऊन, आपल्या चांद्याच्या खाणीत का माती निघते? सौंदड टेशनावरून मालगाड्या जाऊन राहिल्या, दिसत नाही का गा?” शिक्षकांचा चहा थंड झाला आणि बसही गेली. तालुक्याच्या कॉलेजात एका पाहुण्या वक्त्याने तिकडचे लोक मुळात कष्टाळू, असं म्हटलं. मामा मागच्या रांगेतून उठले. “साहेब, एक दिवस रोवणीले या. बायांच्या बरोबरीनं चिखलात वाका, मंग सांगा कष्टाळू कोण.” त्या सभेत आभारप्रदर्शन झालं नाही.

त्यांचं स्वतःचं उत्तर पक्कं होतं. तिकडे मजुराचा हात महाग आणि कोळसा स्वस्त, म्हणून मालकाला यंत्र परवडलं. “आपल्याइकडं हात फुकट. मंग मशीन कायले येईन?” यातून निघणारी मागणी ते मिलच्या मालकाला, सेठना, दर हंगामात सगळ्यांसमोर ऐकवत: तांदळातले काळे दाणे वेचणाऱ्या आठ बायांची मजुरी वाढवा. एका हंगामात बायांनी सुपं पालथी घालून काम थांबवलं आणि मजुरी वाढली. मामांनी मिलमध्ये पेढे वाटले. पुढच्या हंगामात सेठनी काळे दाणे वेचणारं यंत्र आणलं.

“मिस्त्री, आपका ही हिसाब था,” सेठ म्हणाले. “बैठा दो.”

मामांनी पाना जमिनीवर ठेवला. “चालवतीन याच बाया. नाहीतर मी हात नाही लावत.”

“इनको मशीन क्या समझेगी?”

“काऊन?”

तीन दिवस यंत्र खोक्यात राहिलं आणि मामा रोज वेळेवर येऊन त्या खोक्यावर बसले. चौथ्या दिवशी तडजोड झाली. यंत्रावर दोन बाया राहिल्या; त्या ते चालवायला मामांच्या आधी शिकल्या. सहा जणी घरी गेल्या.

गेल्या आठवड्यात मामांचा फोन आला. “भाच्या, तू पेपरात नोकरीले होतास. तिकडं सूत काढायच्या मशिनी आल्या, तवा हातानं सूत काढणाऱ्या बाया कुठं गेल्या?”

मी सांगितलं, मालकांची नावं सापडतात, यंत्रं बनवणाऱ्यांचीही सापडतात. त्या बायांची फारशी कुणी लिहून ठेवली नाहीत.

“काऊन?” या वेळी आवाज खाली होता. मग तो पुन्हा चढला. “आपल्या सहा जणींची तू लिहून घे. आत्ताच.”

मी कागद घेतला. पाच नावं सांगून मामा थांबले. सहावीला इतकी वर्षं सगळे ‘मुन्नाची माय’ म्हणत.

“थांब गा, तिलेच विचारतो.” फोन हातात तसाच धरून ते निघाले. त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. मी सहावा आकडा घातला आणि पुढे जागा सोडली.