लखमा नाईकाची पेन्शन

महायुद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात आमची पायनिअर पलटण बसऱ्याला उतरली. पायनिअर म्हणजे हातात रायफल आणि पाठीवर फावडं. पुढे जाणाऱ्या फौजेसाठी रस्ते, खंदक, पूल करायचे. वेळ आली तर लढायचं. मी हवालदार होतो. गाव जामसर. कंपनीत जव्हार संस्थानातले आम्ही चौघे: मी, गंगाराम, देवजी आणि नाईक लखमा. लखमा मोखाड्याच्या बाजूचा, वारल्यांच्या पाड्यावरचा.

पहाटे फॉलिन, म्हणजे रांगेत हजेरी. दुपारपर्यंत माती. संध्याकाळी शस्त्रं साफ करायची. जेवणानंतर बोलणं एकाच विषयावर यायचं: पेन्शनीत गेल्यावर काय करायचं. माझं सगळं ठरलेलं होतं. कर्ज काढायचं नाही. ओढ्याकाठचं भाताचं खाचर घ्यायचं. थोरला शाळेत, धाकटा शेतावर. रिकामा बसलेला पेन्शनर लवकर मरतो, म्हणून दरबारच्या रस्त्यांवर मुकादमी धरायची.

गंगाराम म्हणायचा, "हवालदार, सरणाची लाकडंही रचून ठेवलीत का?"

"ठेवली आहेत. ओली तुझ्यासाठी."

लखमाचा बेत लहान होता. "पयलं लगीन. मग खाचर. मग बैलजोडी."

ऐकणारे हसत, कारण लखमाला दोन मुलं होती. त्यांच्यात चाल अशी की मुलगी पसंत पडली, दोन्ही घरं कबूल झाली, की ती नांदायला येते. लग्न लावायचं ते गावाला जेवू घालण्याइतकं भात घरात साठेल तेव्हा. त्याला कितीही वर्षं लागोत, तोवर तिला बायको म्हणायचं कोणी थांबत नाही. मात्र आईबापाचं लागल्याशिवाय पोरांचं लग्न लागत नाही.

"तुझ्या लग्नात तुझीच पोरं नाचणार रे," गंगाराम म्हणाला.

"नाचतील ना. तुझ्या लग्नात कोन नाचला? सावकार!"

गंगारामच्या लग्नाचं कर्ज अजून फिटलं नव्हतं.

भरतीच्या वेळी डेपोत क्लार्कने विचारलं होतं, "लग्न झालंय?" लखमा खरं तेच बोलला. "बाकी हाय, साहेब." क्लार्कने अविवाहित लिहिलं आणि वारस म्हणून आईचं नाव घातलं. लखमाला त्यात वावगं वाटलं नाही. रजेवर जायचं, लग्न लावायचं, मग परत येऊन नाव बदलून घ्यायचं, असा त्याचा क्रम होता. क्रम बरोबर होता. रजा मिळाली नाही.

उन्हाळा लागताना तायग्रिस नदीवर होड्यांचा पूल टाकायचा हुकूम आला. आमच्या कंपनीकडे काठाचा उतार खणायचं काम होतं, म्हणजे तोफगाडे पाण्यापर्यंत उतरवता येतील. दुपारी तीनच्या सुमारास पलीकडून गोळे यायला लागले. मी फील्ड टेलिफोनवर होतो.

"उतार किती राहिला?"

"वीस हात, साहेब."

"तोफा निघाल्यात. काम थांबवू नका."

"थांबवत नाही, साहेब."

लखमाचं सेक्शन सगळ्यात खाली, पाण्याशी होतं. एक गोळा काठावर पडला, फळ्यांची रास घसरली आणि दोन जवान तिच्याखाली अडकले. लखमाने बाकीच्यांना वर जायला सांगितलं. स्वतः खाली गेला. एकाला ओढून मोकळा केला. दुसऱ्याला हात घातला आणि पुढचा गोळा तिथेच आला.

मी पोहोचलो तेव्हा तो जिवंत होता. मी काही बोललो. त्याला ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. थोड्या वेळात तो गेला. मग गंगारामने त्याचं फावडं उचललं आणि खाली उतरला. पाचच्या सुमारास पहिली तोफ पुलावर चढली.

युद्ध संपून आम्ही तिघे परत आलो. तोवर तापाच्या साथीत लखमाची आई गेली होती. पेन्शन तिच्या नावावर होती, ती बंद झाली. लखमाच्या बायकोचं, सोमीचं, नाव कुठेच नव्हतं. सरकारच्या हिशेबी नाईक लखमा अविवाहित वारला होता.

पेन्शनचा साहेब दौऱ्यावर जव्हारला आला तेव्हा मी सोमीला आणि तिच्या पाड्यावरच्या धवलेरीला घेऊन गेलो. धवलेरी म्हणजे त्यांची लग्नं लावणारी म्हातारी.

साहेबाने तिला विचारलं, "हिचं लग्न तू लावलंस?"

"नाय."

"मग ही त्याची बायको कशी?"

"गावजेवण बाकी हाय, साहेब. बायको बाकी नाय."

साहेबाने लेखणी खाली ठेवली. पाड्याच्या पाटलाची साक्ष आणि आमच्या कमांडिंग ऑफिसरची चिठ्ठी मागवली. पुढच्या भातकापणीपर्यंत हुकूम आला. मागची थकबाकीही आली.

आता शाळामास्तर आणि कचेरीतले कारकून माझ्याकडे येतात, म्हातारपणाची तजवीज कशी करावी म्हणून विचारतात. मी आधी विचारतो: वारस म्हणून कोणाचं नाव आहे, आणि ते माणूस जिवंत आहे का? दर दिवाळीला पाहून घ्या. खाचर, बैल, व्याज हे त्यानंतर.

हुकूम आला तेव्हा सोमीलाही मी सल्ला दिला. थकबाकीतून खाचर घे, जन्माची भाकर होईल.

ती म्हणाली, "नाय दादा. पयलं लगीन."

"कोणाशी?"

"त्याच्याशीच. पोरं मोठी व्हतात. त्यांचं कसं लागेल मग?"

खाचर पुढच्या वर्षी पेन्शनीतून खंडाने कसायला घेऊ, असं ठरलं. माझा त्यावर आक्षेप राहिला नाही.

माघात आम्ही तिघे पाड्यावर गेलो. आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव होता. सोमी हळद लावून एकटी उभी होती. मुलं दोन्ही बाजूंना. धवलेरीने गाणं धरलं, त्यात वधूचं नाव घेतलं, मग लखमाचं घेतलं. ते घेताना तिचा आवाज बदलला नाही. गाणं थांबवून तिने मांडवभर नजर फिरवली.

"नवऱ्याकडचं कोन हाय?"

लखमाला भाऊ नव्हता. आईबाप गेलेले.

गंगाराम उठला. देवजी उठला. मीही उठलो.

"आम्ही," मी म्हणालो.

धवलेरीने मान हलवली आणि पुढचं गाणं धरलं. ते संपेपर्यंत आम्ही तिघे उभे होतो.