दहाव्याला कबूल केलेला पाळणा

मला पाळण्यांची भीती वाटते, हे आधीच सांगून टाकते. जत्रेतल्या हातानं फिरवायच्या पाळण्यातसुद्धा मी कधी बसले नाही. धाकटा भाऊ त्यावरून मला जन्मभर चिडवत आला. आणि शेवटी त्याच्याच दहाव्याला, चारचौघांदेखत, मी पाळण्यात बसायचं कबूल करून बसले.

झालं असं. भाऊ ऑफिसात काम करता करता खुर्चीतच गेला. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं. आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत, पण मी कुणाचं ऐकते थोडीच! दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर बसून नुसता बघत होता मेला. गेलेल्याची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, मग जवळच्यांनी ती पुरी करायचं कबूल करायचं, ही आपली रीत. काका पुढे होऊन म्हणाले, "तुझ्या बायकोला आम्ही एकटं पडू देणार नाही." मामा म्हणाले, "पोरांच्या शिक्षणाची काळजी करू नकोस." कावळा ढिम्म. ऊन चढलेलं, गुरुजींची चुळबुळ चाललेली. मी वैतागले आणि ओरडलेच, "अरे बाबा, त्या पार्कातल्या मोठ्या पाळण्यात बसवते तुझ्या पोरांना! मीही बसते, मग तर झालं?" जायच्या आधी कितीतरी रविवार तो पोरांना नेतो नेतो म्हणत होता आणि ते राहूनच गेलं होतं.

कावळा खाली उतरला आणि त्यानं चोच मारली. मला रडू फुटलं आणि रागही आला. मेल्यावरही हा माझी चेष्टाच करत होता.

काका मग घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला हे चवीनं सांगत राहिले. शेवटी प्रत्येक वेळी म्हणायचे, "आता तो पाळणा झाला की सुटला बिचारा." माझी सात वर्षांची भाची तिथंच सतरंजीवर बसलेली असायची. तिच्या कानावर काय पडतंय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

वर्षाच्या आत हिंडणंफिरणं बरं दिसत नाही म्हणून पाळणा लांबणीवर पडला. आणि ते अख्खं वर्ष भाऊ त्यांच्या तारनाक्याच्या फ्लॅटमधून हलला नाही. हे मी नाही म्हणत, भावजय म्हणायची. संध्याकाळी लिफ्ट वाजली की ती हातातलं टाकून दार उघडायला धावायची. बाहेर कुणी नसायचं. तरी आत आल्यावर ती गॅसवर चहा ठेवायची, त्याचा आणि आपला. मी एकदा चिडून म्हणाले, "अगं, वेड लागेल तुला अशानं." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "लागलं तर लागू दे अक्का, पण तो येतो हो." मी नारायणगुड्याला माझ्या घरी परतले आणि दिवे न लावताच बराच वेळ बसून राहिले.

वर्षश्राद्ध उरकलं आणि त्याच्या पुढच्याच रविवारी आम्ही पार्काला निघालो. मी, भावजय, भाची आणि तीन वर्षांचा भाचा. भाच्याला बाप आठवत नाही. सगळ्यांत खूश तोच. पाण्याची घसरगुंडी काय, टकरीच्या गाड्या काय, नुसता धुडगूस घातला त्यानं. कर्ण्यावर तेलुगू गाणी दणदणत होती आणि हा चिखलात उभा राहून नाचत होता. पण भाची! सकाळपासून तोंड फुगवलेलं. पोटात दुखतंय, बूट लागतोय, तहान लागली, घरी जाऊ या. मी चढ्या आवाजात म्हणाले, "अगं, एवढा खर्च करून आलोय, जरा हस की! दुसरी मुलं बघ कशी खेळतायत." ती हसली नाही. नुसतं त्या मोठ्या पाळण्याकडे बघायची आणि मान फिरवायची.

मलाही तिथं चैन पडत नव्हतं. तिकिटाच्या रांगेत एक माणूस पुढे उभा होता, कानाची पाळी चोळत. भाऊ अगदी असाच चोळायचा. मी टाचा उंचावून बघायला लागले. माणूस वळला तर भलताच, मिशाळ, कडेवर बाळ घेतलेला. असं दिवसभरात कितीदा झालं. कधी पाठ त्याची, कधी चाल त्याची. गर्दीनं त्याला वाटून घेतलंय असं वाटत होतं.

मोठ्या पाळण्याच्या रांगेत भावजय माझ्या कानाशी आली. तिचे डोळे कोरडे होते. म्हणाली, "अक्का, दार उघडून उघडून मी थकले. मला झोप हवीय. आज हे संपू दे." वर्षभरात पहिल्यांदा तिनं माझ्याकडे काही मागितलं होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आमची पाळी आली आणि भाचीनं लोखंडी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. सोडवेना. पाळणेवाला ओरडला, "अम्मा, बैठते क्या नहीं बैठते? लाइन रुक जारी!" मी त्याच्यावरच उखडले, "रुको जरा, बच्ची है!" आणि खाली वाकून तिला म्हणाले, "काय झालंय तुला? भीती वाटते?" तिनं नाही म्हणून मान हलवली. माझ्या कानाला तोंड लावून अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आत्या, आपण बसलो की बाबा जाणार ना? मग मी नाही बसत."

पुढे भावजय पोराला कडेवर घेऊन पाळण्याच्या दाराशी उभी, मागून लोक ढकलतायत, आणि ही कठडा सोडून माझ्या ओढणीला लटकलेली. काय करायचं माणसानं?

मी भावजयीला म्हणाले, "तू बस लेकराला घेऊन. हिला मळमळतंय, मी थांबते हिच्यापाशी."

"पण अक्का, कबूल तर तुम्ही केलं होतंत."

"तू बसलीस म्हणजे मीच बसले. जा!"

ती बसली. पाळणा वर चढला. भाची खालून बघत होती, ओठ घट्ट मिटून. "आई बसली. आता झालं का पुरं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "नाही. घाटावर शब्द मी दिलाय. मी बसले नाही, तू बसली नाहीस. बाकी आहे ते."

"म्हणजे बाबा आहेत?"

"आहेत," मी म्हणाले. तिनं एवढा मोठा श्वास सोडला की तिचे खांदेच खाली आले. मग तिला आइसक्रीम हवं झालं.

भावजय खाली उतरली तेव्हा रडत होती, अगदी मोकळी, हुंदके देत. आजूबाजूचे लोक बघायला लागले. तिनं मला मिठी मारली आणि विचारलं, "सुटला ना हो तो, अक्का?"

"सुटला," मी म्हणाले.

भावजय आता रात्री झोपते. संध्याकाळी एकटीपुरताच चहा ठेवते. भाची अधूनमधून मला बाजूला घेऊन विचारते, "आत्या, बाकी आहे ना अजून?" मी हो म्हणते. पुन्हा कधी तरी पार्कात जाऊ असं कुणी म्हणालं की विषय बदलते. पोरीसाठी करतेय हे सगळं, असं मनाला समजावते मी. पण खरं सांगू? पोर उद्या मोठी होईल, विसरेल, हसत जाऊन बसेलही. मी नाही बसणार. मलाच तो सुटायला नकोय.