पट्टीवर दिसंल तेवढंच

पुस्तक परत करायला आले की भानुदासआप्पा ते आधी टेबलावर ठेवत. मग सदऱ्याच्या खिशातून कॅलेंडरचं फाडलेलं पान काढत आणि पाठकोऱ्या बाजूला लिहिलेला अभिप्राय मला उभ्याउभ्याच वाचून दाखवत. सुरुवात ठरलेली, 'सकाळी आठ. ऊन. वारा न्हाय.' आणि त्याखाली गोष्टीचं काय असेल ते. आप्पांची सगळी नोकरी माकणीच्या धरणावर पाण्याची पातळी मोजण्यात गेली. रोज सकाळी आठला पट्टी बघायची आणि वहीत आकडा लिहायचा. निवृत्त झाले तरी नोंद ठेवायची खोड काही गेली नाही.

आमचं वाचनालय म्हणजे शाळेतली एक खोली, दोन कपाटं आणि मी. मी विज्ञान शिकवते. माझी एक कथा विज्ञानकथांच्या संग्रहात छापून आली तेव्हा माझे पाय काही जमिनीवर नव्हते. संग्रहाची एक प्रत मी कपाटात ठेवली ती, खरं सांगते, आप्पांसाठीच. "बाई, छान लिवलंय" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी पुस्तक उघडलंसुद्धा नव्हतं. आप्पांना मात्र खोटं बोलताच येत नसे. पाऊस नसलेल्या वर्षी गावातले लोक काकुळतीनं विचारायचे, "आप्पा, थोडं तरी चढलं असंल की?" तर हे म्हणत, "पट्टीवर दिसंल तेवढंच सांगणार. माझ्या सांगण्यानं पाणी चढतंय व्हय?"

ते एका वेळी एकच गोष्ट वाचत आणि तिचा कागद आणून देत. मंगळावरच्या वसाहतीबद्दल त्यांनी लिहिलं, 'दोनशे माणसं राहायलीत. पाणी कुठनं आणलं ते सांगितलं न्हाय. टँकर गेला का?' शेतात राबणाऱ्या यंत्रमानवाबद्दल, 'दुपारी झाडाखाली आडवा व्हत न्हाय. असल्या सालगड्यावर भरवसा ठेवू नये.' आणि काळात मागे जाणाऱ्या माणसाबद्दल लिहिलेलं वाचताना तर त्यांचा आवाजच उतरला होता. 'शंभर वर्षं मागं गेला, पणज्याला भेटला, अन् त्याच्या घरी जेवला न्हाय. लई वाईट वाटलं.' मी हसून हसून बेजार. पण एकीकडे धाकधूकही होती, कारण माझी कथा पुस्तकात शेवटची होती.

तिच्यात एका म्हाताऱ्याची बायको वारते. मुलगा घरात एक यंत्र आणून बसवतो आणि ते तिच्याच आवाजात बोलू लागतं.

आप्पांचा कागद आला. 'सकाळी आठ. ढगाळ. शेवटची गोष्ट बरी हाय.' बस्स, संपलं.

"बरी म्हणजे? कुठं बरी, कुठं वाईट?" मी विचारलं.

"बरी हाय की, बाई," म्हणाले आणि निघूनच गेले. नवीन पुस्तकसुद्धा नेलं नाही. मला असा राग आला! टँकरवर चार ओळी, आणि मी तीन महिने घासून लिहिलेल्या कथेला दोन शब्द? आठवडा झाला तरी हे फिरकेनात, तेव्हा पुस्तक घेऊन मीच तरातरा त्यांच्या घरी गेले.

आप्पा ओट्यावर ज्वारी निवडत बसले होते. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाले, "बाई, माफी करा. उभ्या नोकरीत केलं न्हाय ते तुमच्या गोष्टीला केलं. पट्टी न बघताच आकडा लिवला. ते यंत्र पहिली हाक मारतंय ना, तिथंच म्या पुस्तक मिटलं."

आप्पांची बायको, पारूकाकी, जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मला ते ठाऊक नव्हतं थोडंच? तिच्या तेराव्याला मी याच ओट्यावर बसले होते. पण छापून आल्याच्या तोऱ्यात माझ्या डोक्यातच आलं नाही. माझी मलाच लाज वाटली.

"राहू द्या, आप्पा. नका वाचू."

"न्हाय न्हाय. अर्धी नोंद ठिवता येत न्हाय. तुम्ही वाचा, म्या ऐकतो."

मी वाचली. शेवटापर्यंत ते ज्वारीतून बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "यंत्र चांगलं बोलतंय. पण ते खोकत न्हाय. चुलीच्या धुरानं हिला खोकला धरलेला. हाक मारायच्या आधी दोनदा खोकायची, मग बोलायची. तुम्ही खोकला काढून नुसता आवाज ठिवला. म्हातारा वळखंल कसा?"

संग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी तेवढा भाग बदलला. नवी प्रत घेऊन गेले तोवर आप्पांना अक्षर दिसेनासं झालं होतं. आता तर आप्पाच नाहीत, त्यांना जाऊन वर्ष होत आलं. नवी प्रत नेली त्या दुपारी मात्र ते भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. मी वाचत गेले. यंत्र दोनदा खोकलं, मग म्हणालं, "अवं, चहा झालाय."

"आलो, आलो," आप्पा म्हणाले आणि चपलांसाठी पाय ओट्याखाली सोडले.

मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चपला तेवढ्या पायात सरकवल्या आणि तसेच बसून राहिले. त्या गोष्टीचा कागद त्यांनी मला कधी दिला नाही. मीही मागितला नाही.