मावशींचा राजीनामा

सुमनमावशी गेल्या हे मला जिन्यात कळलं. खालच्या मजल्यावरच्या बाई भाजीची पिशवी सावरत म्हणाल्या, "अस्पताल से फ़ोन आया था, आपकी मौसीजी नहीं रहीं।" आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी भीती आली... आता ती गोष्ट एकट्या मलाच माहीत.

मावशी मूळच्या काशीच्या दूधविनायकातल्या, मराठी घरांच्या जुन्या गल्लीतल्या. तिथल्याच शाळेत उभा जन्म गणित शिकवलं. निवृत्तीनंतर गल्ली सोडून आमच्या सोसायटीत आल्या, तर गुडघे दुखरे आणि नशिबी तिसरा मजला! लिफ्टसाठी वर्गणी निघाली तेव्हा खजिनदार त्याच झाल्या. प्रत्येक पावती जिन्याखालच्या फलकावर लागायची, चार कोपऱ्यांना चार पिना. "एका पिनेनं कागद उलटतो गं, आणि उलटा कागद कुणी वाचत नाही," म्हणायच्या. डबीतून पिना काढून द्यायचं काम माझं.

पुढं सेक्रेटरींनी ठेकेदाराचं एक बिल आणलं. आकडा मोठा, सोबत एकही पावती नाही. मावशींनी सही करायला साफ नकार दिला. दुसऱ्या दिवशी फलक रिकामा! मी जात्याच भित्री. त्यात नवऱ्यामागं घर माझ्या नावावर व्हायचंय, त्या कागदावर सेक्रेटरींची सही हवी. जिन्यात त्यांनी मला गोड आवाजात विचारलं, "भाभीजी, आपका काग़ज़ मेरे ही पास है न?" बस्स, एवढंच. त्या दिवसापासून दाराची बेल वाजली तरी मी आधी फटीतून बघायची.

त्याच आठवड्यात मावशींना दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथूनच त्यांनी माझ्या हाती चिठ्ठी दिली: "लिफ्ट के हिसाब पर मेरा राजीनामा। सभा में पढ़ दिया जाए।" एवढी शुद्ध हिंदी बोलणारी बाई, पण रागाच्या भरात घरचा शब्द कागदावर उतरला. माझ्याही ध्यानात आलं नाही. सभेत सेक्रेटरींनी चिठ्ठी वाचली आणि हसून म्हणाले, "लीजिए, मौसीजी राज़ी हो गईं।" अहो, हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोड, समेट! त्यांना खरंच तसं वाटलं की सोयीचं वाटलं, देव जाणे. टाळ्या पडल्या, बिल मंजूर झालं. अख्ख्या सभेत मराठी जाणणारी मी एकटी, आणि मी... मांडीवरच्या पर्सचा पट्टा पिळत बसून राहिले.

संध्याकाळी मावशींनी विचारलं, "वाचलं का गं सगळ्यांसमोर?"

"हो मावशी, वाचलं."

"सुटले बाई!" म्हणाल्या आणि माझा हात थोपटला. तेच आमचं शेवटचं बोलणं.

आता महिना झाला. लोक सहज बोलून जातात, मौसीजी भी तो मान ही गई थीं. मावशींच्या सख्ख्या भाचीनं आवराआवर करताना पिनांची डबी मला दिली. काल सकाळी मी एक कागद लिहिला: "मराठी में राजीनामा का अर्थ है इस्तीफ़ा। मौसीजी राज़ी नहीं थीं। मैं जानती थी, चुप रही।" खाली माझं नाव, फ्लॅटचा नंबर. फलकापाशी दोन पिना हातातून निसटून खाली पडल्या. तीन कोपरे झाले, तेवढ्यात मागून ओळखीचा गोड आवाज आला, "भाभीजी, क्या लगा रही हैं?"

मी वळले नाही. डबीतून चौथी पिन काढली.