फुटबॉलची केस

"फुटबॉलच्या केसवाले मागच्या बाकड्यावर बसा बे, तुमचे फॉर्म उशिरा भरू," ऑनलाइन सेंटरवाला म्हणाला. पोरं हसली. माझ्या शेजारी बसलेला माझा सख्खा भाऊ, दादा, हसला नाही. त्याला पोलीस भरतीचा फॉर्म भरायचा होता. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून घरातले सगळे फॉर्म माझ्याकडे.

काही वर्षांपूर्वी बुलढाण्यात दर हिवाळ्यात फुटबॉलचे सामने व्हायचे. धाड गावची पोरं जीपच्या टपावर बसून यायची. सुरुवातीला नुसते टोमणे असायचे. "गोलकीपर बाजाराले गेला का बे?" असं आमची पोरं ओरडायची. मग एका रंगाचे दुपट्टे आले, मग खिशात गोटे. सामना कोण जिंकलं ते कुणाच्या लक्षात राहीना. डोकं कुणाचं फुटलं, ते राहायचं.

शेवटच्या वर्षी दादानं त्याचा फोन माझ्या हातात दिला. "नीट काढजो वं, चेहरा आला पाह्यजे." मी व्हिडिओ काढला. भीती वाटत होती, तरी हात हलला नाही. त्या व्हिडिओत दादा एका पोराला गोलच्या खांबाशी दाबून मारतोय. घरी पोचायच्या आधीच त्यानं तो स्टेटसला टाकला. पोलिसांना वेगळा पुरावा शोधावा लागला नाही.

त्यानंतर मारामाऱ्या थांबल्या. कुणाला शहाणपण आलं म्हणून नव्हे, गुन्हा असला की भरती अडते हे कळलं म्हणून. सामनेही बंद पडले. आता त्या मैदानावर दोन्हीकडची पोरं सकाळी भरतीसाठी सोबत धावतात, एकमेकांची वेळ मोजतात. दादाही धावतो. व्हिडिओबद्दल तो मला कधी एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

स्क्रीनवर प्रश्न आला: आपल्याविरुद्ध गुन्हा दाखल आहे का?

"नाही टाक," दादा हळूच म्हणाला. "कोन पाहून राह्यलं?"

वयाच्या हिशेबानं ही त्याची शेवटची भरती. 'होय' म्हटलं तर बहुतेक इथंच संपणार. 'नाही' म्हटलं तर पडताळणीत सापडणार, आणि वर खोटी माहिती दिल्याचा ठपका. दोन्हीकडून तेच. मी आजवर त्याचं कुठलंच म्हणणं मोडलं नव्हतं.

"काऊन थांबली?"

"दादा," मी म्हणाले, "'होय' केलं मी. आता फोटो दे."