ताकदीची सुई

सुई टोचताना डॉक्टरच्या हाताकडे तुम्ही कधी पाहिलंय का? की भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या देवाकडे बघत दात आवळून बसता?

आमच्या साखरशेत गावात गोळी देणारा डॉक्टर डॉक्टरच नव्हे. सरकारी दवाखान्यातली नर्स नीट तपासून गोळ्या देते, तर बायका बाहेर येऊन हसतात, "नुसत्या गोळ्याच द्यायच्या होत्या, तर एवढं चालवलं कशाला?" सुई मात्र खरी. म्हणून दरवर्षी भाताच्या आवणीआधी, रोपं लावायला वाकण्याआधी, बाजाराच्या दिवशी, जीप भरून बायका खासगी दवाखान्यात जातात आणि 'ताकदीची सुई' घेऊन येतात. आजारी त्यातली एकही नसते.

दवाखाना म्हणजे दुकानांमधला एक गाळा. पाटीवर नाव बारीक, पदव्या मोठ्या. तिथले डॉक्टरसाहेब एका बाईला सुई देत, तीच गरम पाण्याच्या पेल्यात बुचकळत आणि पुढचीला टोचत. दुपारपर्यंत त्या पाण्याची वाफही गेलेली असे.

त्या वर्षी आईला मीच घेऊन गेले. माझ्या पिशवीत पाण्याच्या हक्काची पत्रकं होती. बाकावर बसल्या बसल्या ती मी वाटली. साहेबांनीही एक घेतलं. "चांगलं काम करता," म्हणाले. मी सुखावले. पेला समोर दिसत होता, तरी गप्प राहिले. लोकांना जागं करायला निघालेली मी!

चौथ्या दिवशी आईच्या कुल्ल्यावर लालभडक गाठ आली, अंग तापलं. बसवेना, वाकवेना. पुन्हा साहेबांकडे गेलो. ते हसले. "सुई लागली म्हणजे गुण येतोय. दुसऱ्या बाजूला एक देतो."

आणि माझी आई कूस बदलायला लागली!

तिला उठवून मी थेट जव्हारच्या रुग्णालयात नेलं. तिथे गळू कापलं. वाटीभर पू निघाला. "अजून उशीर झाला असता तर विष रक्तात गेलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जखमेत रोज पट्टी कोंबायची होती. आवणीभर आई बांधावर एका कुशीवर रेलून दुसऱ्यांची वाकलेली पाठ बघत राहिली.

शेजारची मावशी चिखलातून ओरडली, "आम्हाला झालं का काही? तुझंच रक्त कच्चं!"

"पुढच्या खेपेला मी येते तुझ्यासंगं," आई म्हणाली. "त्याचा हात बघायला."

पुढच्या वर्षी ती खरंच गेली. जखम भरली होती, तरी लंगडत. पेला दिसताच तिने मावशीला दंडाला धरून बाकावरून उठवलं. मावशी जीपमध्ये परतीच्या वाटेवर तिला शिव्या घालत होती, पण धडधाकट होती.

तुम्हीही एवढं करा. आधी विचारा, गोळीने भागेल का? नाहीच भागलं, तर नव्या सुईचं पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडायला लावा. साहेब चिडले, तर शेजारच्या बाईलाही सोबत घेऊन उठा.