अक्कांचा घरातला जोड

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. फोन माझ्या नवऱ्याचा होता. "वहिनी गेल्या," एवढंच ते म्हणाले. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तशी मी गॅस बंद केला, हात पुसले आणि मधल्या खोलीत आले. माझ्या सासूबाई, आमच्या अव्वा, भिंतीला टेकून घेवड्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. त्यांना कसं सांगावं याची मी मनात जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात त्या मान वर न करताच म्हणाल्या, "गिरिजा आली की. आत गेली बघ आत्ताच. च्या टाक तिला." मी स्वयंपाकघरातूनच बाहेर आले होते, तिथं कुणी नव्हतं. पण अव्वा इतक्या सहज बोलल्या की मी वळून आत पाहिलं…

गिरिजाक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. दसऱ्याच्या आधी गेल्या, आता थंडी सुरू झाली आहे. संधिवाताने कुणी मरत नाही असं सगळे म्हणतात, आणि तसं ते खरंही असेल. पण त्या दुखण्यावर वर्षानुवर्षं घेतलेल्या औषधांनी अंगातली ताकद पोखरली होती आणि साध्या तापाचा न्यूमोनिया झाला. एवढं सांगितलं की त्यांच्या मृत्यूची हकीकत संपते. त्यांच्या पायांची संपत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मी वैरागची. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा माझ्याजवळ एकच चपलांचा जोड होता, तोही बाजारातून शेतात आणि शेतातून बाजारात जाण्याच्या कामाचा. अक्कांनी तो पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मला नव्या पेठेत घेऊन गेल्या. "पाय चांगले आहेत की तुझे. लपवून कशाला ठेवतीस?" म्हणाल्या, आणि नाजूक पट्ट्यांचे, जरा टाचेचे सँडल माझ्या पायात चढवले. त्यांचा स्वतःचा पाय निमुळता, बोटं सरळ, जोडवी जणू त्याच बोटांसाठी घडवलेली. इरकल नेसल्या की एक जोड, सुती नेसल्या की दुसरा. माझे थोरले दीर, ज्यांना मी दादा म्हणते, चेष्टेने म्हणायचे, "आपलं दुकान टॉवेल-चादरींचं आहे, चपलांचं नाही." अक्का त्यावर फक्त हसायच्या. संध्याकाळी त्या बाहेरून आल्या की जिन्यावर टाचांचा टक्‌टक्‌ आवाज यायचा आणि अव्वा म्हणायच्या, "आली महाराणी." त्यात रागही असायचा आणि थोडा अभिमानही.

पस्तिशी ओलांडली आणि सकाळी त्यांच्या हाताची बोटं मिटेनाशी झाली. दुधाची पिशवी फोडायला त्या मला हाक मारायच्या. मग दुखणं पायात उतरलं. अंगठ्याखालचं हाड बाहेर आलं, अंगठा शेजारच्या बोटावर चढला, बाकीची बोटं पक्ष्याच्या नख्यांसारखी आत वळली. एकदा जोडवी इतकी रुतली की सराफाला घरी बोलावून ती कापून काढावी लागली. अव्वा तोंड फिरवून बसल्या. अक्का मात्र शेवटपर्यंत बघत होत्या. काम झाल्यावर म्हणाल्या, "आता हे पाय माझे नाहीत, विजू. कुणाचे तरी आणून लावलेत."

डॉक्टरांनी सांगितलं, अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा नाही. फरशी गार असते, कडक असते. सांगणं सोपं होतं. आमच्या घरी स्वयंपाकघरातच देवाचा कोनाडा, रोज लिंगपूजा तिथंच व्हायची. पायताण त्या उंबऱ्याच्या आत यायचा प्रश्नच नव्हता. अव्वांनी भांडण केलं नाही, एवढंच म्हणाल्या, "डॉक्टरला काय जातंय सांगायला." अक्काही वाद घालणाऱ्या नव्हत्या. दादांनी दवाखान्याच्या सामानाच्या दुकानातून काळे, जाडजूड, वेलक्रोचे बूट आणले होते. ते त्या बाहेरच्या दोन खोल्यांत घालायच्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी काढायच्या.

ते बूट पहिल्यांदा घातले तेव्हा लोखंडी कपाटाच्या आरशासमोर उभ्या राहून त्यांनी मला विचारलं, "हे घालून मी शिल्पाच्या लग्नात उभी राहू?" शिल्पा त्यांची मुलगी, तेव्हा दहावीत होती. मी म्हटलं, "अहो, लग्नाला अजून किती वर्षं आहेत." त्या म्हणाल्या, "तेच तर. तोपर्यंत हे फाटायचे नाहीत."

त्यानंतर आम्ही दोघी दुकानं पालथी घातली. लांबी बसे तिथं रुंदी बसत नसे. रुंदी बसली की पट्टी नेमकी त्या हाडावर यायची. एका मोठ्या दुकानात विक्रेत्याने पाय मापायला समोर पाट सरकवला. अक्कांनी साडीचा काठ जरासा उचलला. त्याने पाहिलं, आणि वाईट हेतू नसताना, अगदी मदत म्हणून सांगितलं, "मावशी, तुमच्यासाठी हितं काय मिळायचं न्हाय. मेडिकलला विचारा." शेजारी बसलेल्या बायकांनी वळून पाहिलं. अक्कांनी काठ सोडला. मग शांतपणे माझ्यासाठी एक जोड निवडला, पैसे दिले आणि आम्ही बाहेर पडलो. त्या दिवसापासून त्यांचं बाहेर जाणं बंद झालं. हळदीकुंकवाला मी एकटी जायचे. लोक विचारायचे, मी "बरं नाही" म्हणायचे. जिन्यावर टाचांचा आवाज आता माझा यायचा, आणि तो त्यांना ऐकू जातोय या विचाराने मी चवड्यावर चालत वर यायला लागले.

कापडाचे बूट शिवायची कल्पना कुणाची, ते आता आठवत नाही. आम्हा दोघींपैकी कुणाची तरी. अक्कांचा हात शिवणात फार चांगला होता, पण सुई धरणारी बोटंच राहिली नव्हती. म्हणून सांगणं त्यांचं आणि शिवणं माझं. माप घ्यायला मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. त्यांनी पाय पुढे केला नाही. बराच वेळ साडीत तसाच दडवून बसल्या. दुपारची वेळ, घरात सगळे झोपलेले, बाहेर कुणाचा तरी यंत्रमाग चालू होता… मग म्हणाल्या, "हसू नको." मी पेन्सिल फिरवली. प्रत्येक बोटापाशी थांबावं लागत होतं. पाय गरम होता, ताप आल्यासारखा. पेन्सिल अंगठ्याला लागली तरी त्या हलल्या नाहीत. पाय उचलल्यावर कागदावर जी आकृती राहिली ती पायासारखी दिसतच नव्हती. अक्का तिच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कर्नाटकाचा नकाशा वाटतोय की." मग आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो, अव्वा जाग्या होऊ नयेत म्हणून.

पहिला जोड वाया गेला. शिवण आत घेतली होती, ती बोटाला लागून जखम झाली आणि महिनाभर चिघळली. दुसऱ्या वेळी शिवण बाहेर काढली, आत मऊ फडकं लावलं, पुढचा भाग पसरट ठेवला. घोट्याशी उघडणारा पट्टा, कारण वाकून पाय कोंबणं त्यांना जमत नव्हतं. जाड स्पंजचा सोल चपलावाल्याकडून चिकटवून आणला. मी म्हटलं, पुरे आता, छान झालाय. त्या म्हणाल्या, "ओंगळ आहे." जुन्या इरकलीचा काठ काढून त्यांनी माझ्याकडून तो कडेने लावून घेतला. गर्द डाळिंबी कापड, त्यावर पिवळा काठ. दुखलं तर चालेल पण ओंगळ नको, असं त्यांचं होतं, आणि गंमत म्हणजे हा जोड दुखतही नव्हता.

त्या जोडाचा आवाज निराळा होता. डावा पाय त्या जरा ओढायच्या, म्हणून घस्स… थप, घस्स… थप. टाचांच्या टक्‌टकीची जागा त्याने घेतली. तरीही स्वयंपाकघराच्या दाराशी तो थांबायचा. तिथं त्या जोड काढायच्या आणि भिंत, मग ओटा धरत आत जायच्या. एका थंडीत सकाळी दूध उतू जायला लागलं म्हणून त्या घाईने आत शिरल्या आणि मधेच अडकल्या. ना पुढे, ना मागे. शहाबादी फरशी बर्फासारखी गार, एका हाताने ओट्याची कड धरलेली, समोर दूध उतू जातंय आणि त्या नुसत्या उभ्या. मी आंघोळीहून येऊन बघते तो अव्वा दाराशी. त्यांनी वाकून दोन्ही बूट हातात घेतले. पायताणाला हात न लावणाऱ्या अव्वा. आत गेल्या, गॅस बंद केला, खाली बसल्या आणि बूट अक्कांच्या पायांपुढे ठेवले. "घाल."

"अव्वा, इथं?"

"कापडाचं हाय की. रस्ता बगितला न्हाय त्यानं. कापडाला कसला इटाळ?"

अक्कांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अव्वा म्हणाल्या, "दूध गेलं म्हणून रडतीस व्हय?" तेव्हापासून तो जोड देवाच्या कोनाड्यासमोरूनही फिरला, आणि पुन्हा कुणी त्यावर बोललं नाही.

शिल्पाच्या लग्नासाठी आम्ही खास जोड केला. सोल जाड, कापड शालूच्या रंगाचं, काठ जरीचा. हॉलमध्ये अक्का पहिल्या रांगेत बसल्या आणि त्यांनी साडी किंचित वर ओढून पाय पुढे ठेवले, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. अक्कलकोटच्या कुणी पाहुण्या येऊन म्हणाल्या, "किती सुंदर आहेत हो, कुठून घेतले?" अक्का म्हणाल्या, "पुण्याहून," आणि पदराआडून माझा हात दाबला. त्यांची बोटं वळत नव्हती, तरी तो दाब मला अजून जाणवतो.

त्या गेल्यावर त्यांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पाय उघडे होते. आम्ही लिंगायत, आमच्याकडे पुरतात, बसवून. विभूती लावली, हार घातले, हातात इष्टलिंग ठेवलं. चादर पायांवरून सरकली होती आणि आलेल्या बायका तिकडे बघून नजर वळवत होत्या. मी चादर नीट केली. रुद्रभूमीकडे, पुरायच्या जागी, निघायची वेळ झाली तेव्हा अव्वा आतून तो डाळिंबी जोड घेऊन आल्या. "हे घाला तिला."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. भावकीतले एक वयस्कर हळूच म्हणाले, "अव्वा, चालत नाही. हातात लिंग आहे."

"कापडाचं हाय की," अव्वा म्हणाल्या.

विधी सांगणारे स्वामी समजूतदार होते. त्यांनी जवळ येऊन सांगितलं, "शिवाकडं अनवाणीच जायचं असतं, अव्वा."

"तिला अनवाणी चालता येत न्हाय," अव्वा म्हणाल्या. दादा भिंतीकडे तोंड करून उभे होते. अव्वा मग कानडीत, जणू स्वतःशीच, म्हणाल्या, "अकीगे थंडी आगतद…" तिला थंडी वाजेल. आणि बायकांनी त्यांना धरून आत नेलं. बूट त्यांच्या हातातच राहिले.

मला भुताखेताचं काही वाटत नाही. पण सकाळी ओट्याशी उभी असले की मागे घस्स असा आवाज येतो आणि मी थप येण्याची वाट बघते. ते येत नाही. ते आलं असतं तर बरं, असं वाटतं. अव्वा विचारतात, "जमीन किती गार झाली असंल गं आता?" मी सांगते, "खाली ऊब असते, अव्वा." त्या मान हलवतात. पटत नाही त्यांना.

गेल्या आठवड्यात त्यांनी आपली ट्रंक उघडायला लावली. तळाशी त्यांची स्वतःची हिरवी इरकल होती, कधी न नेसलेली. ती माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "तिचा जोड झिजलाय. थंडीचा दुसरा शिव." मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे स्वच्छ होते, भ्रम नव्हता. गिरिजाक्का नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. "शिव की," त्या पुन्हा म्हणाल्या, "तुला येतंय."

मी शिवला. रोज दुपारी थोडा थोडा. माप काढावं लागलं नाही, कात्री आपोआप त्या वळणांवरून गेली, प्रत्येक बोटापाशी थांबत. अव्वांनी तो उंबऱ्याच्या आत, ओट्याकडे तोंड करून ठेवलाय. रात्रीचं जेवण झालं की दादा आपलं ताट ठेवायला स्वयंपाकघरात येतात. जागा अरुंद आहे. त्या जोडाजवळ आले की ते अंग चोरून जरा बाजूने जातात, समोर कुणी काम करत उभं असावं तसे… आणि परत जातानाही तसेच.